पाइप तीस वर्षांचा, पंप पंधरा वर्षांचा

वाचकांचे प्रश्न : पाणीयोजना

या महिन्याची बहुतेक पत्रं मराठवाड्यातून आली आहेत. नवी औद्योगिक वसाहत येतेय, गावांचं शहर होतंय, मग पाणी किती लागेल, कुठून आणायचं आणि बिल कोण भरणार, असाच साऱ्यांचा सूर आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. गणितात वीज ७ रुपये युनिट धरली आहे. तुमच्या बिलावर वेगळा दर असेल तर तो घालून आकडे पुन्हा मांडा.

प्रश्न : आमच्या १४ गावांसाठी प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) तयार झाला आहे. आज लोकसंख्या ४८ हजार. शेजारी औद्योगिक क्षेत्र येणार म्हणून सल्लागारांनी तीस वर्षांनंतरची लोकसंख्या दीड लाखाच्या वर दाखवली आहे. ग्रामसभेत कुणी म्हणतं आकडा फुगवलाय, कुणी म्हणतं अजून कमी पडेल. खरं काय मानायचं?
— ग्रामपंचायत सदस्य, जि. जालना

उत्तर : दोन्ही बाजू बरोबर ठरू शकतात, आणि भांडण तिथेच अडतं. आकडा कसा फिरतो ते बघा. ४८ हजारांवर वर्षाला दीड टक्का वाढ धरली तर तीस वर्षांनी ७५ हजार होतात. अडीच टक्के धरली तर एक लाखाच्या थोडं वर आणि चार टक्के धरली तर १ लाख ५५ हजार. आता माणशी पाणी किती? जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष ५५ लिटरचा आहे. भुयारी गटार असलेल्या शहराला १३५ लिटर धरतात. म्हणजे ७५ हजार माणसं, ५५ लिटरनं, रोज सुमारे ४१ लाख लिटर. आणि १ लाख ५५ हजार माणसं, १३५ लिटरनं, रोज सुमारे २ कोटी १० लाख लिटर. गावांची यादी तीच, अंतर पाचपट. डीपीआरमध्ये वाढीचा दर आणि दरडोई लिटर हे दोन आकडे कुठल्या पानावर आहेत, ते आधी शोधा. बाकी सगळी पानं त्या दोहोंतून निघतात.

दर ठरवताना जुन्या जनगणनांवरून गणिती, भूमितीय आणि वृद्धिवाढ अशा तीन पद्धतींनी आकडे काढतात आणि पुष्कळदा त्यांतला सोयीचा उचलतात. हातात असलेली जनगणना २०११ ची आहे, तेव्हा तिच्यावर विसंबून राहू नका. घरगुती वीजजोडण्या, शिधापत्रिका आणि शाळांची पटसंख्या यांची दहा वर्षांची आकडेवारी मागवा. जोडण्या दीडपट झाल्या पण पट तसाच राहिला, तर गावात एकटे कामगार भाड्यानं राहायला आले आहेत असं समजावं. ते पाणी वापरतात, पण त्यांची नावं मतदारयादीत सापडत नाहीत.

कारखान्यांची मागणी माणसांच्या हिशेबात मिसळू देऊ नका. न्हाणीघरं असलेल्या कारखान्यात कामगारामागे रोज ४५ लिटर धरतात, ते वेगळं; मुख्य पाणी प्रक्रियेला लागतं आणि ते धंद्यावर ठरतं. तुमच्या जिल्ह्यातल्या पोलाद कारखान्यांना पाणी लागतं ते थंड करायला. कूलिंग टॉवरमधून फिरणारं पाणी सहा-सात अंशांनी थंड होताना साधारण १ टक्का वाफ होऊन जातं. ती तूट आणि क्षार वाढल्यावर सोडून द्यावं लागणारं पाणी, एवढंच बाहेरून आणायचं. मद्यनिर्मिती, कागद, कापडरंगाई यांचं गणित निराळं. 'हेक्टरी अमुक घनमीटर' असा एकच आकडा साऱ्या वसाहतीला लावलेला दिसला, तर कुठले धंदे येणार हे कुणालाच ठाऊक नाही असं समजा.

उपाय टप्प्यांचा आहे. निकषांत प्रत्येक भागाचं आयुष्य वेगळं धरलेलं असतं : धरण ५० वर्षं, मुख्य वाहिन्या, वितरण आणि पंपघराचं बांधकाम ३०, पंप-मोटारी, जलशुद्धीकरण केंद्र आणि टाक्या १५. म्हणून जॅकवेल (धरणातलं पाणी उचलण्यासाठीची विहीर), पंपघर आणि मुख्य वाहिनी मोठ्या आकड्यावर बांधा, कारण जॅकवेल पुन्हा खोदता येत नाही आणि शेतातून दुसऱ्यांदा चर काढताना भरपाईची भांडणं दुप्पट होतात. पंप मात्र पंधरा वर्षांच्या आकड्यावर घ्या, तिसऱ्या-चौथ्या पंपाचे चौथरे मोकळे ठेवा आणि शुद्धीकरण केंद्राच्या दुसऱ्या भागाची जागा आजच संपादित करा.

वाहिनीही बेसुमार मोठी नको. ६०० मिमीची ४० किमी वाहिनी घातली आणि सुरुवातीला मागणी दिवसाला २० लाख लिटरचीच असली तर काय होईल? वाहिनीतच १ कोटी १३ लाख लिटर पाणी मावतं. केंद्रातून निघालेलं पाणी शेवटच्या टाकीत साडेपाच दिवसांनी पोहोचणार. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, तो वाटेतच संपतो. मग वाटेत पुन्हा क्लोरीन देणारं उपकेंद्र बांधावं लागतं, आणि ते मूळ अंदाजपत्रकात नसतं.

प्रश्न : आमच्या नगरपंचायतीच्या योजनेत रोज १ कोटी लिटर पाणी ३० किमीवरून आणायचं आहे. निविदेत ३५० मिमीचा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे लवचीक ओतीव लोखंडाचा) पाइप आहे. ४०० मिमी घ्यावा असा आमचा आग्रह, पण खर्च वाढतो म्हणून नाकारला गेला. आमचं चुकलं का?
— नगरसेविका, जि. बीड

उत्तर : तुमचं चुकलं नाही. आकडे मांडून दाखवा. दिवसाला २२ तास पंप चालला तर प्रवाह सेकंदाला १२६ लिटर येतो. आतून सिमेंटचा लेप असलेल्या डीआय पाइपात या प्रवाहाला घर्षणानं दर किलोमीटरला जी उंची खर्ची पडते (म्हणजे पाणी तेवढं वर चढवायला लागेल तेवढा पंपाचा जोर), ती ३०० मिमीत ८.६ मीटर, ३५० मिमीत ४.१, ४०० मिमीत २.१ आणि ४५० मिमीत १.२ मीटर. ३० किमीला अनुक्रमे २५९, १२२, ६४ आणि ३६ मीटर. चढ वेगळाच.

१ घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला, पंप आणि मोटार मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली तर, ०.३९ युनिट वीज लागते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३५० ऐवजी ४०० घेतला की ५८ मीटर वाचतात. १० हजार घनमीटरला रोज सुमारे २,२७० युनिट, वर्षाला ८.३ लाख युनिट, म्हणजे ५८ लाख रुपये. हे दरवर्षी. दोन्ही पाइपांच्या किमतीतला फरक ३० किमीला किती येतो ते जिल्हा दरसूचीतून काढा आणि ५८ लाखांनी भागा. उत्तर किती वर्षांत वसूल होतं ते येईल. ते पाच-सात वर्षांच्या आत असेल तर ४०० वर हटून बसा. ४५० मध्ये आणखी २८ मीटरच वाचतात, म्हणजे निम्म्याहून कमी, तेव्हा तिथं बहुधा थांबावं.

अडचण अशी की पाइपाचे पैसे शासनाच्या अनुदानातून येतात आणि विजेचं बिल नगरपंचायतीच्या तिजोरीतून जातं. अंदाजपत्रक करणाऱ्याला स्वस्त पाइप दिसतो, महाग वीज दिसत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. २२ तास वीज खरंच मिळणार आहे का? ती १६ तासच मिळाली तर तेवढंच पाणी ढकलायला प्रवाह १.३७ पट करावा लागतो आणि घर्षण १.८ पट होतं. ४०० मिमीचे ६४ मीटर ११५ वर जातात. कागदावरचा पंप तेवढा जोर धरतच नाही; तो कमी पाणी देतो आणि गाव म्हणतं पंप खराब आहे. उपकेंद्रापासून स्वतंत्र एक्सप्रेस फीडर घेतला नसेल तर त्याचा खर्च आधी जोडा, मग पंप निवडा.

प्रश्न : वीज गेली की आमची मुख्य वाहिनी फुटते, जवळपास दर महिन्याला. ठेकेदार म्हणतो पाइप निकृष्ट, पुरवठादार म्हणतो जोडणी निकृष्ट.
— पंपचालक, जि. धाराशिव

उत्तर : वीज गेल्यावरच फुटते हे तुम्ही नोंदवलं आहे, तिथेच उत्तर आहे. हा पाण्याचा दणका, म्हणजे वॉटर हॅमर. पंप अचानक थांबला की वाहिनीतला वाहता स्तंभ क्षणभर पुढे जात राहतो. मागे दाब पडतो, मग पाणी उलटं येऊन बंद झालेल्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेवर) आदळतं. धातूच्या पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण एक हजार मीटर वेगानं धावते. पाण्याचा वेग सेकंदाला १.३ मीटर असेल तर दणका सुमारे १३० मीटरचा, म्हणजे नेहमीच्या दाबावर चौरस सेंटिमीटरला आणखी १३ किलो. पीव्हीसीत लाट बरीच मंद असते, दणका निम्म्याहून कमी होतो, पण त्या पाइपाची सहनशक्तीही तेवढीच बेताची.

फुटण्याची जागा पाहा. पंपघराजवळ फुटत असेल तर उलट आलेल्या पाण्याचा मार. चढाच्या माथ्यावर किंवा त्याच्या लगेच पुढे फुटत असेल तर कारण वेगळं : माथ्यावर दाब इतका पडतो की पाण्याचा स्तंभ तुटतो, पोकळी होते आणि दोन्हीकडचं पाणी पुन्हा एकमेकांवर आदळतं. तिथला एअर व्हॉल्व्ह (वाहिनीत हवा आत-बाहेर सोडणारी झडप) उघडून बघा. आतला गोळा चिकटलेला, नाही तर गळतं म्हणून कुणीतरी खालचा स्लूस व्हॉल्व्हच बंद केलेला, हे फार ठिकाणी सापडतं. पाणीचोरीसाठी एअर व्हॉल्व्ह फोडलेलाही असतो.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी सगळे एअर व्हॉल्व्ह सुरू करा. मग पंपाजवळचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह धाडकन आपटतो का ते ऐका. आपटत असेल तर जलद मिटणारा किंवा डॅशपॉट (मिटतानाचा धक्का जिरवणारा दट्ट्या) असलेला बसवा. त्यानंतरही फुटलं तर वाहिनीच्या उभ्या छेदावरून सर्ज (दाबाच्या लाटेचं) विश्लेषण करून घ्या आणि त्यात सांगितलेल्या साखळीक्रमांकांवर (वाहिनीच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरांवर) झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह, एअर कुशन व्हॉल्व्ह किंवा पंपघरात सर्ज व्हेसल यांपैकी दणका जिरवणारं साधन बसवा. अंदाजानं बसवलेला व्हॉल्व्ह बिनकामाचा. आणि हातानं व्हॉल्व्ह बंद करताना घाई नको : ३० किमीच्या वाहिनीत लाट जाऊन परत यायला ६० सेकंद लागतात, त्याहून लवकर मिटवलेला व्हॉल्व्ह लाटेच्या दृष्टीनं 'अचानक'च असतो.

प्रश्न : धरण ४० टक्के भरलं, ७० टक्के भरलं अशा बातम्या येतात. उद्योगांनी गुंतवणूक करताना या टक्क्यांवर किती भरवसा ठेवावा?
— लघुउद्योजक, लातूर

उत्तर : फार थोडा. त्या टक्क्यात तीन गोष्टी लपतात.

पहिली, टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. जायकवाडीचं उदाहरण घ्या : एकूण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला उपयुक्त २,१७१ आणि मृतसाठा, म्हणजे तळाचा, एरवी न वापरला जाणारा, ७३८. 'शून्य टक्के' झाल्यावरही जलाशयात ७३८ दलघमी पाणी असतं. पण ते उचलायला जॅकवेलच्या झडपा तेवढ्या खाली असाव्या लागतात, नाही तर आपत्कालीन पंप तराफ्यावर बसवावे लागतात. शिवाय तळाचं पाणी गढूळ, शेवाळी वासाचं. शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात, फिल्टर लवकर तुंबतात आणि धुण्यातच पाणी जातं. नव्या योजनेत सर्वांत खालची झडप मृतसाठ्यात असावी, हा आग्रह पहिल्या दिवशीच धरा.

दुसरी, बाष्पीभवन. उन्हाळ्यात जलाशयाचा पसारा आटून १०० चौरस किलोमीटर उरला आणि रोज १० मिलिमीटर वाफ झाली, तर दिवसाला १ दलघमी गेलं. म्हणजे रोज १०० कोटी लिटर. पसरट, उथळ धरणांत याला इलाज नाही. गणितात धरणं एवढंच हाती आहे.

तिसरी, आणि उद्योगासाठी सर्वांत महत्त्वाची, विश्वासार्हता. सिंचन प्रकल्प ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखतात : शंभरातली ७५ वर्षं पाणी ठरल्याप्रमाणे मिळेल, बाकीची २५ वर्षं तुटीची. शेतीत ती चालवून घेतात. पिण्याच्या पाण्याला आणि कारखान्याला ९५ टक्के लागतात. ७५ टक्क्यांवर १०० दलघमी देणारं धरण ९५ टक्क्यांवर त्याहून पुष्कळ कमी देतं, आणि दोन पावसाळे पाठोपाठ गेले की त्याहूनही कमी. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं सलग गेली म्हणूनच २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं तुमच्या शहराला पाणी आणावं लागलं. पन्नास वाघिणींच्या गाडीत सुमारे २५ लाख लिटर. २०११ च्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी साडेसहा लिटर पडतात. एका घागरीपेक्षाही कमी, तेही साडेतीनशे किलोमीटरवरून.

म्हणून जलसंपदा विभागाकडे टक्केवारी विचारू नका. '९५ टक्के विश्वासार्हतेनं किती पाणी उपलब्ध आहे, त्यातलं आधीच किती आरक्षित आहे आणि आमच्या वसाहतीच्या नावे करारनाम्यात किती आहे,' हे तीन आकडे माहितीच्या अधिकारात मागा. आरक्षणांची बेरीज उपलब्धतेच्या वर गेलेली आढळली तर आश्चर्य मानू नका.

प्रश्न : सगळी धरणं पाइपांनी जोडली तर मराठवाड्याचा प्रश्न सुटेल असं सांगतात. वॉटर ग्रीडचं तांत्रिक मर्म काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, परभणी

उत्तर : मराठवाडा ग्रीडच्या आराखड्यासाठी २०१८ मध्ये इस्रायलच्या मेकोरोट कंपनीशी करार झाला. कल्पना अशी की जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा, निम्न तेरणा, विष्णुपुरी वगैरे ११ धरणं मोठ्या वाहिन्यांनी एकमेकांना जोडायची आणि जिथं तूट तिथं पाणी वळवायचं.

जोडणीचा खरा फायदा दोन ठिकाणी असतो : एका जागी पंप किंवा वाहिनी बंद पडली तर दुसरीकडून पुरवठा चालू राहतो, आणि एका खोऱ्यात पाऊस झाला पण दुसऱ्यात नाही तर उसनवारी करता येते. दुसरा फायदा किती, हे पाहायला या धरणांच्या गेल्या चाळीस वर्षांच्या १५ ऑक्टोबरच्या, म्हणजे पावसाळा संपतानाच्या, साठ्यांची यादी शेजारी शेजारी मांडा. किती वर्षी काही भरली आणि काही रिकामी होती, ते मोजा. सगळी एकदमच रिकामी असतील त्या वर्षी ग्रीड काही करू शकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे, आणि त्याला संगणकापेक्षा चिकाटी जास्त लागेल.

मग उंची. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी सुमारे ४६४ मीटर आहे आणि लातूर शहर सुमारे ६३० मीटरवर. नुसता चढच १७० मीटरच्या आसपास. समजा २०० किमी वाहिनी आणि किलोमीटरला १ मीटर घर्षण : आणखी २०० मीटर. ३७० मीटरला घनमीटरमागे १.४४ युनिट, म्हणजे हजार लिटरला १० रुपये नुसत्या विजेचे. पिण्याला आणि बऱ्याच कारखान्यांना हे झेपेल; उसाला नाही. म्हणून ग्रीड हे पिण्याच्या आणि उद्योगाच्या पाण्याचं साधन आहे. ते सिंचनाचं म्हणून कुणी सांगितलं तर विजेचा आकडा विचारा.

दरवर्षी न वापरल्या जाणाऱ्या वाहिनीची देखभाल हाही प्रश्न आहे. चार वर्षं कोरडी पडलेली वाहिनी पाचव्या वर्षी दुष्काळात सुरू करायला गेलं की रबरी सांधे सुकलेले, व्हॉल्व्ह गंजलेले असतात. अशी वाहिनी नेहमी थोड्या प्रवाहानं चालती ठेवावी लागते आणि तो खर्च दुष्काळ नसलेल्या वर्षीही भरावा लागतो.

प्रश्न : पाण्यावर पहिला हक्क कुणाचा? उद्योगाचा शेतीच्या आधी की नंतर?
— वाचक, अहिल्यानगर

उत्तर : राज्याच्या २००३ च्या जलनीतीत क्रम पिणं, उद्योग, शेती असा होता. २०११ मध्ये तो बदलून पिणं, शेती, उद्योग असा झाला. तुमच्या भागातून जायकवाडीला सोडायच्या पाण्याचं सूत्र महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशात आहे. त्यात जायकवाडीचा साठा आणि ६५ टक्क्यांची मर्यादा यांवर वरच्या धरणांतून किती सोडायचं ते ठरतं. नव्या कारखान्यानं गोदावरीच्या वरच्या अंगाला आरक्षण घेताना हा आदेश वाचूनच घ्यावा, कारण वाईट वर्षी त्याच्याच धरणाचं पाणी खाली जाणार असतं.

प्रश्न : आमची २२ गावांची योजना तीन वर्षांत बंद पडली. विजेची थकबाकी, शेवटच्या सात गावांना कधी पाणीच नाही, आणि वरची गावं म्हणतात आम्हाला विहीर आहे, पट्टी का भरू? आता वसाहतीसाठी हीच योजना वाढवून पुन्हा सुरू करायची म्हणतात. मागचे पाढे पंचावन्न होऊ नयेत म्हणून काय करावं?
— माजी सरपंच, जि. हिंगोली

उत्तर : आधी बिलाचं गणित. समजा ४८ हजार वस्ती, ५५ लिटर, म्हणजे रोज २,६४० घनमीटर. सगळं मिळून १५० मीटर चढवायचं असेल तर रोज सुमारे १,५४० युनिट, वर्षाला ३९ लाख रुपये. पाच माणसांचं कुटुंब धरलं तर ९,६०० घरं, म्हणजे घराला वर्षाकाठी ४१० रुपये विजेचे. पगार, तुरटी, क्लोरीन, गळती-दुरुस्ती मिळून साधारण तेवढेच आणखी धरा. आठ-साडेआठशेची पट्टी काही अशक्य नाही. पण दहातल्या चारच घरांनी भरली तर त्या चारांवर दोन हजारांच्या वर बोजा जातो, मग तेही थांबतात. योजना पाण्याअभावी नव्हे, वसुलीच्या या घसरणीनं बंद पडते, आणि ती घसरण सुरू होते शेवटच्या कोरड्या गावापासून.

तेव्हा शेवटच्या गावापासून सुरुवात करा. प्रत्येक गावाच्या टाकीच्या तोंडाशी बल्क मीटर (गावाला एकूण किती पाणी गेलं ते मोजणारा) आणि त्याच्या अलीकडे प्रवाह नियंत्रक व्हॉल्व्ह बसवा. वरच्या गावाची टाकी भरून वाहत असताना खालची कोरडी राहते, कारण वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो. पाणी सोप्या वाटेनं जातं. व्हॉल्व्ह एकदा मोजून बसवला की त्याचं चाक काढून घ्या किंवा कुलूपपेटीत ठेवा. टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह वरच्या गावांत हवाच. भरण्याचा क्रम शेवटून पुढे ठेवा, म्हणजे पाणी कमी पडलं तर ते वरच्या गावाला कमी पडेल आणि तक्रार तासाभरात येईल. शेवटच्या गावाची तक्रार यायला आठवडा जातो.

मुख्य वाहिनीवर कुणालाही थेट नळजोडणी देऊ नका, शाळेला किंवा मंदिरालासुद्धा. एक दिली की वीस होतात.

गळती शोधायला महागडी यंत्रं आणायची गरज नाही. रात्री ११ ते पहाटे ५ टाकीची आउटलेट झडप बंद ठेवून पातळी मोजा. १० मीटर व्यासाच्या टाकीत पातळी १० सेंमी उतरली तर ७,८५० लिटर गेले : एक तर टाकी गळते किंवा झडप पूर्ण मिटत नाही. दुसऱ्या रात्री झडप उघडी ठेवून, घरोघरचे नळ बंद करायला सांगून २ ते ४ या वेळेत मीटर वाचा. त्या वेळी जो प्रवाह दिसतो तो जवळपास सगळा गळतीचा किंवा चोरीचा. मग गल्लीगल्लीच्या झडपा एकेक मिटवत जा. ज्या झडपेनंतर मीटर एकदम मंदावतो, त्या गल्लीत खणा.

स्वतःची विहीर असलेल्या गावांशी वाद घालत बसू नका. त्यांना योजनेतून वर्षभर थोडं, ठरावीक पाणी द्या आणि त्याचं किमान बिल ठेवा. विहीर फेब्रुवारीत आटते तेव्हा तेच गाव पूर्ण पाणी मागतं, आणि जोडणी चालू नसेल तर टँकर लागतो.

वसाहतीला जोडताना एक अट लेखी घ्या : तिचं पाणी वेगळ्या मीटरनं, वेगळ्या दरानं, आणि टंचाईत आधी तिचं कमी होईल. उद्योगाच्या दरातून गावांच्या विजेचा भार हलका होतो, म्हणून ही जोडणी गावांच्याही फायद्याची आहे. अट लेखी नसेल तर एप्रिलमध्ये नेमकं उलट घडतं.

प्रश्न : वाळूजच्या आमच्या कारखान्याला पिण्याचं पाणी कशाला हवं? शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळू शकतं का, आणि ते चालेल का?
— कारखान्याचे व्यवस्थापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालेल, आणि चालतंय. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. सुरतमध्ये पांडेसरा वसाहतीच्या कापड कारखान्यांना रोज ४ कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रातून असं पाणी मिळतं. चेन्नईत कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथं प्रत्येकी साडेचार कोटी लिटरची केंद्रं उद्योगांसाठी आहेत. सांडपाणी केंद्रापासून ५० किमीच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांनी हेच पाणी वापरावं, असं केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणातही आहे. याची मोठी खुबी म्हणजे दुष्काळातही ते येत राहतं; शहर तहानलं तरी नळाला जे येईल त्याचे ८० टक्के गटारात येतातच.

चालतं कुठे हे पाण्यातल्या क्षारांवर ठरतं. नेहमीची प्रक्रिया घाण काढते, क्षार नाही. एकदा वापरल्यावर लिटरमागे साधारण दोनशे-तीनशे मिलिग्रॅम क्षार वाढतात. बागेला, फ्लशला, मळ धुवायला गाळून आणि क्लोरीन देऊन चालतं. कूलिंग टॉवरला चालतं, पण फॉस्फेट आणि अमोनिया जास्त असले तर शेवाळ धरतं आणि तांब्याच्या नळ्या गंजतात. बॉयलरला अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म गाळण) आणि त्यानंतर क्षार काढणारं आरओ लागतं. आरओतून चौथा हिस्सा किंवा जास्तच खारं पाणी बाहेर पडतं आणि त्याची विल्हेवाट तुमच्याच गळ्यात. म्हणून कारखान्यातल्या वापराची आधी वाटणी करा. बॉयलर सोडून बाकी सगळं या पाण्यावर नेता आलं तरी बराच भार उतरतो.

योजना फसते ती प्रक्रियेत नाही, गोळा करण्यात. ३ लाख वस्तीच्या शहरात १३५ लिटरच्या हिशेबानं रोज सुमारे सव्वातीन कोटी लिटर सांडपाणी निघायला हवं. तेवढं केंद्र बांधतात, आणि निम्म्या वस्तीचं गटार अजून नाल्यात सुटत असल्यानं केंद्रावर त्याच्या निम्मंच पोहोचतं. म्हणून महापालिकेशी बोलताना केंद्राची क्षमता विचारू नका. गेल्या १२ महिन्यांत इनलेट चॅनेलवरच्या मीटरनं रोज किती पाणी मोजलं, त्याची वही मागा. पावसाळ्याचे चार महिने वेगळे काढा, तेव्हा नाल्याचं पाणी मिसळून आकडा फुगतो. मे महिन्यातला सर्वांत कमी दिवसाचा आकडा तो तुमचा, आणि करार त्याच आकड्यावर करा. कारखान्यात दोन दिवसांची साठवण टाकी ठेवा, आणि दोन्ही पाण्यांच्या वाहिन्या वेगळ्या रंगाच्या. त्या दोन वाहिन्यांमध्ये कुठेही, 'तात्पुरता' म्हणूनसुद्धा, जोडव्हॉल्व्ह बसवू देऊ नका.